गिल चाळीस वर्षांचा होता

प्रश्न तिनं विचारला तो पॉपकॉर्नच्या रांगेत. जानेवारी २०२५. छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव चालू होता. दोन सिनेमांच्या मधे वीस मिनिटं होती आणि आमच्या पुढे कॉलेजची दहा-बारा पोरं.

"तू इतिहासवाली ना? मग सांग. चाळिशीनंतर हातात घेतलेलं काम कुणाचं तडीला गेलंय?"

मी म्हटलं, "सई परांजपे."

उत्तर समोरच होतं. त्या वर्षीचा पद्मपाणी पुरस्कार सईंनाच होता. जन्म १९३८ चा आणि 'स्पर्श' आला १९८० साली. म्हणजे बेचाळीस. मग लगेच 'चश्मे बद्दूर', मग 'कथा'.

"त्या आधी काय घरी बसल्या होत्या?" ती म्हणाली. "आकाशवाणी झाली, बालनाट्यं झाली, दिल्लीचं दूरदर्शन झालं. हात तयार होता त्यांचा. माझं सांग. वीस वर्षं फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या बाईचं सांग."

आम्ही दोघी शेहेचाळीसच्या. शाळा एक, बाक एक. दहावीनंतर ती चित्रकलेकडे गेली, किलेअर्कच्या शासकीय कला महाविद्यालयात. मी पुढे मराठवाडा विद्यापीठात इतिहासाला. ती एका शाळेत चित्रकला शिक्षिका झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे फॉर्म, स्नेहसंमेलनाचे पडदे, पंधरा ऑगस्टची रांगोळी, अधूनमधून निवडणुकीची ड्यूटी. मी लग्नानंतर पुण्याला गेले आणि आता सिनेमांना सबटायटल्स लिहिते, म्हणजे दुसऱ्यांची वाक्यं दोन ओळींत बसवते. दर जानेवारीत महोत्सवाच्या निमित्तानं येते, तिच्याकडेच राहते. पाच दिवस सिनेमे बघायचे आणि रात्री गच्चीवर बसून त्यांच्यावर भांडायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम.

त्या वर्षी तिनं पर्समधून एक पाकीट काढून दाखवलं. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. वीस वर्षं सेवा झाली, आता मागता येते. खाली सही होती, तारखेची जागा रिकामी.

"घरी माहितेय?"

"नाही. मुलगी बारावीला आहे, आत्ता कसं सांगू? आणि सांगणार काय, आई चित्रं काढायला नोकरी सोडायली म्हणून?"

रांग पुढे सरकली. मी काही बोलले नाही. खरं उत्तर मला आठवलं होतं, पण त्या उत्तराशी माझं स्वतःचं जुनं भांडण आहे. त्याचं नाव मेजर रॉबर्ट गिल. माझ्या एम.फिल.चा विषय. दोन प्रकरणं लिहून झाली होती, तिसरं कधी झालं नाही.

महोत्सव रविवारी संपला. सोमवारी अजिंठा बंद असतो. तिनं मंगळवारची सीएल टाकली आणि आम्ही सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावरून जळगावची गाडी पकडली.

*

गिल तुम्हाला माहीत असेल तर बहुतेक सिनेमामुळे. २०१२ साली नितीन चंद्रकांत देसाई यांनी 'अजिंठा' काढला. त्याला आधार होता ना. धों. महानोरांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्याचा. फिलिप स्कॉट वॉलेस गिल झाला होता, सोनाली कुलकर्णी पारो, आणि संगीत कौशल इनामदारांचं. लेण्यांतली चित्रं उतरवायला आलेला इंग्रज अधिकारी, त्याला भेटलेली इथली मुलगी, त्यांचं प्रेम, गावाचा विरोध. आम्ही दोघींनी तो एकत्र पाहिला होता, तेव्हा तेहेतीस वर्षांच्या होतो. ती रडली होती. मी चिडले होते, कारण मला गिलच्या फाइली माहीत होत्या आणि त्या फाइलींतला माणूस मला पडद्यावर कुठेच सापडला नव्हता.

फुलंब्री मागे पडल्यावर ती म्हणाली, "आता सांग तुझ्या फाइलीतला."

मग मी सांगितलं. गिलचा जन्म १८०४ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत तो तरुणपणीच भरती झाला. चित्रं बरी काढायचा. दरम्यान इकडे १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा त्याच फौजेचा एक अधिकारी शिकारीला आला असता त्याला ही लेणी दिसली. लेणी 'सापडली' असं आपण म्हणतो, पण आसपासच्या गावकऱ्यांना ती माहीतच होती. सापडली ती लंडनला. पुढे जेम्स फर्ग्युसननं १८४३ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीत कोरीव लेण्यांवर निबंध वाचला. ही चित्रं नष्ट होत चालली आहेत, त्यांच्या प्रती करून ठेवा, अशी मागणी सोसायटीनं कंपनीकडे केली. कंपनीनं मानली. १८४४ साली कामगिरी गिलकडे आली.

"म्हणजे किती वर्षांचा होता?"

"चाळीस."

ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर सिल्लोडकडची कपाशी होती, वेचून झालेली.

सिनेमात हे चाळीस कुठे दिसतच नाही, आणि माझं भांडण नेमकं तेच होतं. गिल अजिंठ्याला आला तो काही विशीतला रोमँटिक पोरगा म्हणून नव्हे. फौजेत वीसेक वर्षं काढलेला, लग्न झालेला माणूस होता तो. बायकोचं नाव फ्रान्सिस, घरात मुलं. त्याच्या वयाचे अधिकारी बढतीची आणि पेन्शनची गणितं मांडायचे. याला एक काम दिलं गेलं आणि ते किती वर्षं चालणार हे देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. कंपनीच्या साहेबांना वाटलं असेल, दोन-चार वर्षांत आटपेल. तो १८६३ पर्यंत चित्रं काढत होता. एकोणीस वर्षं.

"तुझ्या नोकरीएवढी," मी म्हटलं.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली.

*

काम काय होतं हे जरा सांगायला हवं, कारण 'प्रत काढली' म्हटलं की आपल्याला झेरॉक्स आठवते.

गिल कॅनव्हासवर तैलरंगात काढायचा, आणि मोठ्या आकाराच्या प्रती. मूळ चित्रं तैलरंगातली नाहीत. कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि तो सुकल्यावर रंग. रंग बहुतेक इथल्याच माती-दगडांतले. निळा मात्र लाजवर्दाचा, दूरच्या व्यापारी वाटांनी आलेला. अशा भिंतीवरचं चित्र तेलात उतरवणं म्हणजे एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत आणणं. मी रोज तेच करते, त्यामुळे मला माहीत आहे की त्यात हातून काय काय निसटतं. वर आत अंधार, वटवाघळं, बाहेर आग्या मोहोळं, खाली वाघूर नदी आणि भोवती वाघांचं जंगल. गिल शिकारी म्हणूनही नावाजलेला होता. त्या काळात त्या दरीत राहायचं तर दुसरा इलाजही नसावा.

तयार झालेल्या प्रती जहाजानं लंडनला जात. तिथे सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या भारतीय दालनात त्या मांडल्या गेल्या. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये उभारलेला तो काचेचा राजवाडा पुढे सिडनहॅमला हलवला होता. ३० डिसेंबर १८६६ ला त्याच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली. गिलचं जवळपास सगळं काम तिथे होतं. पंचवीसेक मोठी चित्रं गेली. प्रदर्शनात न ठेवलेली चार-पाच तेवढी राहिली. काहींची छोटी रेखाटनं मिसेस स्पियर यांच्या १८५६ सालच्या प्राचीन भारतावरच्या पुस्तकात छापली गेली होती, म्हणून त्यांचा अंदाज तरी येतो.

बातमी अजिंठ्याला पोचली तेव्हा १८६७ उजाडलं असणार. गिल बासष्ट वर्षांचा होता.

इथे मी थांबले. फर्दापूरचा टी-पॉइंट आला होता, उतरायचं होतं.

*

अजिंठ्याला पहिल्यांदा जाणार असाल तर एक सांगते: टी-पॉइंटवर गाडी सोडून आतल्या बसनं जावं लागतं, पाणी सोबत घ्या, आणि पहिल्याच लेण्यात मोबाइल वर करून फोटो काढायची घाई करू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पाचेक मिनिटं द्या. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. मग हात दिसतात, मग दागिने, मग चेहरे.

पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर ती उभी राहिली. कॉलेजात असताना ती याच्या हाताचा अभ्यास करायची, वहीची पानंच्या पानं. आता महोत्सवाच्या पुरस्काराला याचं नाव आहे आणि काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही. गाइड एका गटाला डावीकडून बघा, उजवीकडून बघा, भाव बदलतात असं सांगत होता. ती बारीक आवाजात म्हणाली, "पिवळा पडलाय गं. मी पाहिला होता तेव्हाही पिवळाच होता का?"

होता. त्याचं कारण मला ठाऊक होतं, आणि माझं तिसरं प्रकरण तिथेच अडलं होतं.

प्रती काढणाऱ्यांनी भिंतींना व्हार्निश लावलं. चित्र अंधुक असायचं, व्हार्निश फासलं की रंग उठून दिसत, प्रत काढायला सोपं जाई. गिलनंतर १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिले. त्यांत पेस्तनजी बोमनजीही होते, पुढे नावाला आलेले चित्रकार. १८८५ पर्यंत हे काम चाललं. त्यांनीही व्हार्निश वापरलं. मग १९२० ते २२ या काळात निजाम सरकारनं इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावलं. सुटलेला गिलावा त्यांनी पक्का केला, पुष्कळ काही वाचवलं, पण चित्रांवर लाखेचा थरही दिला. हे सगळे थर काळाबरोबर पिवळे पडत गेले, धूळ धरत गेले. पुढच्या पिढ्यांचं निम्मं काम ते थर काढण्याचं. ज्यांचा या चित्रांवर सगळ्यात जास्त जीव होता त्यांचेच हात त्यांना बाधले, हे मला पंचविसाव्या वर्षी झेपलं नव्हतं. मला त्या प्रकरणात कुणाला तरी दोषी ठरवायचं होतं आणि ते जमेना.

"आणि ग्रिफिथ्सच्या प्रतींचं काय झालं?" तिनं विचारलं.

"लंडनला गेल्या. साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात."

"मग?"

"१८८५ ला तिथे आग लागली."

ती इतक्या मोठ्यानं हसली की लेण्यातल्या रखवालदारानं वळून पाहिलं. बाहेर येऊनही हसतच होती. मग डोळे पुसत म्हणाली, "ग्रिफिथ्सचं निदान काही राहिलं का?"

राहिलं. बऱ्याच प्रती जळाल्या, बऱ्याच वाचल्या, आणि १८९६-९७ मध्ये दोन मोठ्या खंडांत त्यांचं पुस्तक निघालं. जपानी चित्रकार काम्पो अराई १९१६ च्या सुमाराला भारतात आले होते, त्यांच्या चमूनं केलेल्या प्रती १९२३ च्या तोक्योच्या भूकंपात गेल्या. भिंतीवरचं मूळ चित्र मात्र दीड हजार वर्षं इथल्या दमट अंधारात टिकून आहे. यातून काही शाप-बिप काढू नका. काच, लाकूड आणि गॅसचे दिवे असलेल्या इमारती तेव्हा जळायच्याच, आणि तोक्योत जमीनच हलली.

नक्कल या शब्दाला आपल्याकडे मान नाही. आमच्या शहराला तर हे टोमणे रोजचे आहेत. बीबी का मकबरा म्हणजे ताजमहालाची गरीब नक्कल, असं पर्यटक रिक्षातून उतरायच्या आधीच बोलतात. पण ताजशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा अताउल्ला हा मकबऱ्याचा वास्तुकार होता. मुलानं बापाच्या कामाकडे बघत, निम्म्याहून कमी आकारात, पुष्कळ कमी पैशात, दगडाच्या जागी बराचसा चुना वापरून काय केलं ते एकदा सावकाश बघा. माझी मैत्रीण तिथे कॉलेजच्या दिवसांत दर रविवारी स्केचिंगला जायची. ती म्हणते, मकबरा तिला ताजपेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात कष्ट दिसतात.

*

दहाव्या लेण्यात जॉन स्मिथची सही आहे. १८१९ ची, एका चित्रित खांबावर कोरलेली. ती आज आपल्या डोक्याच्या वर येते, कारण स्मिथ उभा होता तेव्हा लेण्यात गाळ साचलेला होता आणि तो त्या ढिगावर चढला होता. इंग्रजी अक्षरं शोधायला ती मान वर करून दोन-तीन खांब फिरली. तिच्या शाळेतल्या बाकांवरही असंच कोरलेलं असतं म्हणाली.

दुपारी आम्ही चोविसाव्या लेण्याशी बसलो. तिथे फारसं कुणी थांबत नाही. चित्रं नाहीत. अर्धवट खोदलेले खांब, कुठे नुसता चौकोनी ठोकळा, कुठे छिन्नीचे ओरखडे. पूर्ण झालं असतं तर हे अजिंठ्यातल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक झालं असतं.

ते का राहिलं, याचं सविस्तर उत्तर वॉल्टर स्पिंक यांनी दिलं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक. अजिंठ्याची नंतरची लेणी शतकानुशतकं चालली नव्हती, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वीसेक वर्षांच्या आत ती खोदली आणि रंगवली गेली, आणि हरिषेण गेल्यावर काम एकदम विस्कटलं, असा त्यांचा सिद्धांत. पुष्कळ अभ्यासकांनी तो मानला, काहींनी नाही. मला सिद्धांताइतकाच माणूस आवडतो. ते पन्नासहून जास्त वर्षं इथे येत राहिले, दाराच्या बिजागरीच्या खोबणीवरून कुठली खोली आधीची आणि कुठली नंतरची ते ठरवत राहिले. त्यांच्या 'अजंठा' ग्रंथमालेचा पहिला खंड २००५ साली आला. जन्म १९२८ चा. सत्त्याहत्तर वर्षांचे होते. २०१९ ला गेले.

"हे चांगलं उदाहरण," ती म्हणाली. "पण पगारी प्राध्यापक. त्यांना अर्ज नाही द्यावा लागला."

मग मी ज्याचं नाव टाळत होते ते सांगितलं, कारण ते उदाहरण चांगलं नाही. लेडी क्रिस्तियाना हेरिंगहॅम. जन्म १८५२. इंग्लंडमध्ये तिनं टेम्पेरा तंत्रात चित्रं काढण्याची जुनी रीत पुन्हा रुजवली होती, चेन्निनो चेन्निनीचा इटालियन ग्रंथ इंग्रजीत आणला होता, कलाकृती देशात राहाव्यात म्हणून फंड उभा केला होता. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत तिनं अजिंठ्यात तळ ठोकला. तेव्हा ती सत्तावन्न-अठ्ठावन्नची. तिच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, के. वेंकटप्पा, आणि हैदराबादहून आलेले सय्यद अहमद आणि मुहम्मद फझलुद्दीन. विशी-पंचविशीतली पोरं बहुतेक. नंदलाल इथून काय घेऊन गेले ते पुढे शांतिनिकेतननं आणि अख्ख्या देशानं पाहिलं. सय्यद अहमद इथेच क्युरेटर झाले.

"आणि ती?"

"परत गेल्यावर तिचं मन बिघडलं. आपला कुणीतरी पाठलाग करतंय असं तिला वाटायला लागलं. मनोरुग्णालयात ठेवलं. १९२९ ला तिथेच गेली. तिच्या प्रतींचं पुस्तक १९१५ साली निघालं."

बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. खाली नदीच्या पात्रात माकडं होती.

"मला हे आधी सांगायला पाहिजे होतंस," ती म्हणाली. "गिल जळाला तर त्याचं प्रेम तरी आहे सिनेमात. हिच्यावर कुणी सिनेमा काढला?"

"नाही."

"काढायला पाहिजे. पण शेवटी वेडी झाली एवढ्यावरच नको. दोन हिवाळे काय केलं ते दाखवा. सकाळी किती वाजता उठायची, पाणी कुठून आणायचे, मचाण कुणी बांधलं, दुपारी उजेड गेल्यावर काय करायचे. मला गिलचं पण तेच पाहिजे होतं. प्रेम बघून रडले मी तेव्हा, पण आता वाटतं, मला त्याचं टाइमटेबल द्या."

पंचविसाव्या वर्षी मार्गदर्शकांना मी हेच सांगायला पाहिजे होतं. दोषी कोण ते बाजूला ठेवून टाइमटेबलवर प्रकरण लिहिलं असतं तर ते झालं असतं. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मग लिही की. तुला कोण अडवायलंय?"

या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही, आणि तिनंही त्या दिवशी पुन्हा मला स्वतःच्या अर्जाबद्दल विचारलं नाही.

*

परतताना आम्ही घाट चढून अजिंठा गावात उतरलो. लेणी वेगळी आणि गाव वेगळं, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. गिल राहायचा तो या गावात, बारादरीत. पारोचं थडगं याच गावात आहे.

थडगं लहान आहे. दगडावर इंग्रजीत तिचं नाव, गिलनं लिहवलेला तिच्याविषयीचा प्रेमाचा शब्द, आणि तारीख, २३ मे १८५६. एकोणीस वर्षांच्या कामातलं हे बारावं वर्ष. यानंतरही सात वर्षं तो चित्रं काढत होता. सिनेमा त्या दगडापाशी भावनेनं भरून येतो, आणि खरं सांगायचं तर तिथे उभं राहिल्यावर माझंही तसंच झालं. एका गोऱ्या अधिकाऱ्यानं १८५६ साली इथल्या एका बाईचं नाव दगडावर कोरून ठेवलं ही साधी गोष्ट नव्हे. तशा कितीतरी बायका त्या काळात नावाशिवाय गेल्या. घरी फ्रान्सिस होती, हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम मनात धरायला सिनेमाला वेळ नसतो.

मी महानोरांना मात्र कधी दोष दिला नाही. त्यांचं पळसखेडं इथून जवळ, सोयगाव तालुक्यात. त्यांनी गिलची गोष्ट फाइलीतून घेतलेली नव्हती. ती या डोंगराच्या लोकांच्या तोंडी होती, आणि लोकांनी तिच्यातलं प्रेमच राखून ठेवलं होतं. शेती करणाऱ्या कवीला पारो जवळची वाटली, कंपनीच्या पत्रव्यवहारातला मेजर नाही. यात काय चूक?

देसाईंचा सिनेमा आणि महानोरांचं काव्य यांचा शेवट मात्र कुणी लिहिला असता तर आम्ही दोघी म्हणालो असतो की हे फार झालं. नितीन देसाई २ ऑगस्ट २०२३ ला कर्जतच्या त्यांच्या स्टुडिओत गेले, अठ्ठावन्नावा वाढदिवस आठवड्यावर होता. दुसऱ्या दिवशी, ३ ऑगस्टला, महानोर गेले, ऐंशी वर्षांचे होऊन. त्या दोन दिवसांत आमचे फोन सारखे चालू होते. ती म्हणाली होती, आता 'अजिंठा' पुन्हा बघू. आम्ही अजून बघितलेला नाही.

आणि गिल? आगीनंतर तो इंग्लंडला परत गेला नाही. त्यानं मधल्या काळात कॅमेरा हाती घेतला होता. फर्ग्युसनच्या कोरीव लेण्यांवरच्या १८६४ सालच्या पुस्तकात चौऱ्याहत्तर फोटो आहेत, सगळे गिलचे. चित्रं जळाली तरी ते उरले, म्हणजे ज्या कामासाठी त्याला आणलं होतं त्यापेक्षा बाजूला सहज केलेलं काम जास्त टिकलं. तो याच भागात राहिला. एप्रिल १८७९ मध्ये गेला, भुसावळला त्याचं थडगं आहे. पारोपासून लांब. माझ्या एम.फिल.च्या दिवसांत मी एकदा तिथे जाऊन आले होते, रेल्वेनं.

"मला भुसावळला ने कधीतरी," ती म्हणाली.

रस्त्याच्या कडेला चहाच्या टपरीपाशी बाकडं होतं. तिनं पिशवीतून ड्रॉइंगबुक काढलं, शाळेतल्या पोरांना देतात तेच, मागे पाढे छापलेलं. पेन्सिल ब्लेडनं तासली. टपरीवाल्या मावशी कपात चहा ओतत होत्या, आणि मैत्रीण त्यांचा हात काढायला लागली. पहिली रेघ चुकली. खोडरबर नव्हतं. दुसरी त्यावरूनच मारली. मी बघत होते ते मावशींच्या लक्षात आलं आणि त्यांनी हात जरा जास्तच स्थिर धरला, चहा सांडेपर्यंत.

"मावशी, तुम्ही तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "हलला तरी चालतोय."

संभाजीनगरची बस आली. कंडक्टरनं दारातून हाक दिली. मी पिशव्या उचलल्या. तिनं मान वर केली नाही, बोटं अजून अंगठ्यापर्यंत आली नव्हती. कंडक्टरनं पुन्हा विचारलं, मी हातानं 'जा' म्हटलं. पुढची गाडी पाऊण तासानं होती.